बिनगाण्याची तबकडी

‘डीजे’ हे नाव निघाले की आमच्या जुन्या मराठी घरांत वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. वरातीपुढे छाती हादरवणारा आवाज आणि रात्रीची झोपमोड, एवढीच त्या नावाची आमची ओळख. ही तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु आवाज किती असावा हा एक प्रश्न आणि त्या माणसाच्या हातात कला काय आहे हा दुसरा. गेल्या चातुर्मासात लग्नसराई थंडावली, तेव्हा आमच्या इंदूरच्या घरी पुतण्याने आपली सामग्री नव्याने मांडली. चार दिवस शेजारी बसून मी ती पाहिली. ज्यांच्या माळ्यावर अजून जुन्या तबकड्या आहेत, त्यांना ते सांगावेसे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्रामोफोन वापरलेल्यांना एक गोष्ट ठाऊक असते. तबकडीचा वेग वाढला की गाणारा नुसता घाईत येत नाही, त्याचा स्वरही चढतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँगप्ले ४५ फेऱ्यांवर लावली, तर वेग १.३५ पट होतो आणि गायकाचा षड्ज शुद्ध मध्यमाच्याही किंचित वर जाऊन बसतो. हा साधा नियम ध्यानात ठेवावा. पुढचा सारा खेळ त्यावरच उभा आहे.

डीजेची मूळ कला दोन तबकड्यांची. एक वाजत असता दुसरीचा वेग कानाने जुळवायचा आणि ऐकणाराला सांधा कळू न देता एका गाण्यातून दुसऱ्यात जायचे. १९७२ साली निघालेले टेक्निक्सचे एसएल-१२०० हे यंत्र या मंडळींचा तंबोराच होऊन बसले. अडचण एकच, पेट्या भरभरून तबकड्या गावोगाव वाहाव्या लागत. पुढे गाणी संगणकात मावू लागली. पण संगणकाच्या कळा दाबण्यात हाताची गंमत कुठली? शतक पालटता पालटता ॲम्स्टरडॅमच्या एन-टू-आयटी या संस्थेने ‘फायनल स्क्रॅच’ नावाची तोड काढली. कॅनडाच्या रिची हॉटिन आणि जॉन ॲक्वाविवा या वादकांनी ती आरंभीच उचलून धरली. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोने अमेरिकेतील रेन कंपनीच्या साथीने ‘स्क्रॅच लाइव्ह’ आणले आणि ही पद्धत सर्वत्र पसरली. २००१ मध्ये पायोनियरचा सीडीजे-१००० आला होता. त्याच्या चकतीवर हात ठेवून सीडीही तबकडीसारखी मागेपुढे फिरवता येई. त्यामुळे सीडीवाल्यांनाही ही विद्या साधली.

युक्ती अशी की फिरणाऱ्या सीडीवर गाणे नसतेच. असतो एक सलग सूर, शिटीसारखा. सेराटोच्या पद्धतीत सेकंदाला १,००० कंपनांचा. यालाच टाइमकोड म्हणतात. सीडी जलद फिरली की नियमाप्रमाणे हा सूर चढतो, मंदावली की उतरतो. त्यावरून संगणकाला वेग कळतो. डाव्या व उजव्या वाहिनीतला सूर पाव कंपनाने मागेपुढे ठेवलेला असतो. कोणता पुढे आहे हे पाहून दिशा कळते. शिवाय प्रत्येक कंपन किंचित लहान वा मोठे करून त्यात खूण पेरलेली असते. एका मात्रेवरून ताल ओळखू येत नाही, पण ओळीने पुरेशा मात्रा ऐकल्या की आपण कुठे आहोत ते उमगते. तद्वत ओळीने आलेल्या खुणांवरून सीडीवरची नेमकी जागा सापडते. मग संगणक आपल्या पोटातले गाणे त्या वेगाने, त्या दिशेने, त्या जागेवरून वाजवतो.

मांडणी फारशी अवघड नाही. दोन्ही सीडी डेकच्या तारा चार आत आणि चार बाहेर वाटा असलेल्या साउंड कार्डात, ते यूएसबीने लॅपटॉपला आणि त्याच्या बाहेरच्या वाटा मिक्सरच्या दोन चॅनेलांना. टाइमकोडची सीडी ऑडिओ सीडी म्हणूनच लिहावी. एमपी-थ्री केल्यास सुराची बारीक मोड बिघडते. सॉफ्टवेअरमध्ये ‘फोनो’ नव्हे, ‘लाइन’ निवडायचे. डेकवरची ‘मास्टर टेंपो’ची कळ बंद ठेवायची, कारण ती वेग बदलूनही सूर तोच राखते आणि संगणक फसतो. पुतण्याने ‘मिक्स’ नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर घेतले आहे. त्यात संकेत नीट आला की पडद्यावर स्वच्छ वर्तुळ दिसते.

पहिल्या संध्याकाळी वर्तुळ सुरेख आले आणि गाणे मात्र उलटे वाजू लागले. “काका, हा उलटा ठेका कोणत्या घराण्याचा?” पुतण्या हसत म्हणाला आणि तारा तपासू लागला. डावी-उजवी तार अदलाबदल झाली होती. दिशा कशी कळते हे मला खरे समजले ते त्या क्षणी.

त्याची खरी कसोटी पुढे होती. हात हलल्यापासून आवाज निघेपर्यंत संगणक थोडा वेळ घेतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. ५१२ नमुन्यांचा साठा राखला तर एवढ्यासाठीच सुमारे १२ मिलिसेकंद जातात, १२८ राखले तर ३. साठा फार कमी केला की आवाज तडतडतो. पुतण्या एकेक पायरी उतरत गेला आणि आपल्या बोटांना विचारून थांबला. तबल्यावर थाप मारून ध्वनी मागाहून आला तर वादक अस्वस्थ होईलच ना!

आता ही विद्याही उतरणीला लागली आहे. पायोनियरच्या २०२० सालच्या सीडीजे-३००० मध्ये सीडी घालायची फटच नाही, आणि ‘सिंक’ची एक कळ दोन गाण्यांची लय आपोआप जुळवून देते. पुतण्याचे मित्र त्याला जुने डेक विकून टाक म्हणतात. तो ऐकत नाही. “काका, कळ लय जुळवते, पण कुठे जुळवायची ते मलाच ऐकावं लागतं. कान बसला की मग माझं काय उरेल?” या प्रश्नात मला कुठल्याही शागिर्दाची काळजी ऐकू आली. लग्नाच्या चार महिन्यांच्या कमाईवर घर चालवणाऱ्या मुलाने ती बाळगावी, याचे कौतुक वाटले.

इथेच आम्हा वडीलधाऱ्यांचे काम निघते. घरच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एकदा जपून संगणकात उतरवल्या की पुढे सुईने त्या झिजत नाहीत. परंतु जुनी ध्वनिमुद्रणे नेमकी ७८वर झालेलीच असत असे नाही. सहा टक्क्यांचा फरक पडला तरी पांढरी एकचा गायक काळी एकमध्ये जातो. तो कोणत्या पट्टीत गात असे हे संगणक सांगत नाही; ज्याने ते गाणे प्रत्यक्ष वा वर्षानुवर्षे ऐकले, तोच सांगू शकतो. आम्ही दोघांनी आजोबांच्या सहा तबकड्या अशा बसवल्या. तो चकती फिरवी, मी ‘थोडं खाली’ म्हणे. आपल्या घरातही असा एखादा मुलगा असेल. त्याला माळ्यावर चढू द्यावे, आणि तबकड्या खाली आल्या की शेजारी बसावे.