मागचा एक्सल लोंबकळतो, ब्रेकचा पाइप ताणतो. ऑफ-रोड गाडीला लिमिट स्ट्रॅप बसवताना काय पाहावे?

ओढ्याची दरड उतरताना किंवा शेताचा बांध वेगात ओलांडताना गाडीचे मागचे चाक क्षणभर हवेत जाते. त्या क्षणी गाडीचे वजन चाकावरून उठते आणि मागचा अख्खा एक्सल खाली लोंबकळतो. कंपनीच्या मूळ गाडीत हा हिशेब आधीच केलेला असतो. पण उंच पाटे किंवा लांब शॉकअप टाकून गाडी उचलली, की तो हिशेब बिघडतो. एक्सल नको तितका खाली जातो आणि त्याला अडवायला काहीच उरत नाही.

मग त्याला अडवतो कोण? बहुतेक वेळा शॉकअप. दांडा पूर्ण बाहेर येऊन आतून आपटतो, सील फुटते, तेल गळू लागते, कधी ब्रॅकेटच उखडते. त्याहून मोठा धोका ब्रेकच्या रबरी पाइपचा. चेसिसपासून एक्सलकडे जाणारा हा पाइप आखूड पडला तर प्रत्येक झटक्याला ताणतो आणि एक दिवस तुटतो. घाट उतरताना पेडल खाली गेले, तर सावरायला वेळ मिळत नाही.

पट्टा करतो काय?

लिमिट स्ट्रॅप म्हणजे नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या जाड पट्टीचे दोन-तीन थर शिवून केलेला पट्टा. दोन्ही टोकांना बोल्टसाठी भोक असलेली लोखंडी पट्टी असते. एक टोक चेसिसला, दुसरे एक्सलला. एक्सल ठराविक अंतर खाली आला की पट्टा ताठ होतो आणि झटका स्वतःवर घेतो. मेक्सिकोतील बाहा वाळवंटात १९६७ पासून ज्या शर्यती होतात, तिथल्या गाड्यांना असे पट्टे सर्रास दिसतात. आपल्याकडे जिप्सी, थार घेऊन डोंगरवाटांवर जाणारे ते बसवून घेतात.

एक गैरसमज मात्र आधीच दूर केलेला बरा. पट्टा एक्सलला फक्त खाली जाताना अडवतो. माल जास्त भरल्यावर गाडी बसते, त्यावर याचा काडीचाही उपयोग नाही. ते काम पाटे आणि रबर स्टॉपरचे.

माप हीच खरी गोम

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्यावी. पुढच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. मागून गाडी उचलून लोखंडी स्टँड चेसिसखाली द्यावेत, एक्सलखाली नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

मग एक्सलखाली जॅक धरून तो हळूहळू खाली सोडायचा. सोडताना ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, सेन्सरची वायर आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन यांवर नजर ठेवायची. यातले जे आधी ताणेल, तिथेच थांबायचे. आधी पाइप ताणत असेल तर पट्ट्याच्या आधी लांब पाइप बसवावा.

काहीच ताणत नसेल तर शॉकअप पूर्ण उघडेपर्यंत एक्सल खाली न्यावा. नंतर जॅकने तो इतका वर घ्यावा, की शॉकअपला साधारण एक इंच चाल शिल्लक राहील. या स्थितीत दोन्ही ब्रॅकेटच्या भोकांमधले अंतर मोजायचे. पण पट्टा तितकाच लांब घ्यायचा नाही. झटक्याला तो फुटामागे जवळपास एक इंच ताणतो. अंतर १६ इंच आले, तर सुमारे १५ इंची पट्टा बरा.

बसवायचा कुठे?

डिफरन्शियलजवळ मधोमध एकच पट्टा लावला, तर एक चाक वर आणि दुसरे खाली जायला मोकळीक राहते. पण एकच चाक खूप खाली गेले, तर त्या बाजूचा शॉकअप वाचतोच असे नाही. दोन्ही बाजूंना शॉकअपजवळ एकेक पट्टा लावला, तर संरक्षण जास्त आणि मोकळीक थोडी कमी.

एक्सल लोंबकळलेला असताना पट्टा शक्यतो सरळ उभा असावा. ब्रॅकेट दोन कानांचे हवे, म्हणजे बोल्टला दोन्हीकडून आधार मिळतो. नट लॉकचा वापरावा. पण तो इतका आवळू नये की टोकाची पट्टी फिरायचीच थांबेल.

एक्सलच्या नळीवर थेट वेल्डिंग केल्यास ती वाकू शकते. त्यामुळे क्लॅम्पचे ब्रॅकेट बरे. चेसिसच्या वरच्या-खालच्या कडेला भोक पाडू नये. वेल्डिंग करायचेच असेल तर आधी बॅटरीची वायर काढावी, आणि डिझेल टाकी व ब्रेकची लाइन यांच्याजवळ ठिणगी जाऊ देऊ नये.

शेवटी एक्सल जॅकने पूर्ण वर नेऊन बघायचे. दुमडलेला पट्टा टायरला घासतो का, स्टॉपरखाली चेपतो का, सायलेन्सरच्या पाइपला टेकतो का? गरम पाइपला टेकलेला नायलॉन वितळतो.

बसवला म्हणजे संपले नाही

चिखल आणि वाळूचे कण पट्टीत शिरून धागे कापतात, ऊन त्यांना कमकुवत करते. चिखलातून आल्यावर पट्टा पाण्याने धुवावा. शिवण उसवली, धागे सुटले किंवा पट्टा कायमचा लांबला, तर तो बदलावा. शिवून पुन्हा वापरू नये.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. रस्त्यावर चालणारी गाडी उचलण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारलेले बरे. आणि ज्यांची गाडी मूळ उंचीवर आहे, रोजची धाव गाव ते बाजार एवढीच आहे, त्यांना या पट्ट्याची गरज नाही. त्यांनी ब्रेकचा पाइप आणि शॉकअप वेळच्या वेळी तपासून घेतले, तरी पुष्कळ झाले.