गोष्टीची आखणी: कल्पनेला लगाम की आधार?

‘आधी आखणी करायला लावली की मुलांची कल्पनाशक्ती मरते.’ शिक्षक आणि पालक हे इतक्या वेळा म्हणतात, की ते सिद्ध झालेलं असावं असंच वाटतं. प्रत्यक्षात उलट घडतं. दुसरी-तिसरीतल्या मुलाला अक्षर, जोडाक्षर, ऱ्हस्व-दीर्घ आणि पुढचं वाक्य हे सगळं एकदम सांभाळावं लागतं. त्यात पुढे काय घडणार हेही तेव्हाच ठरवायचं म्हटलं, तर जे पहिल्यांदा सुचेल तेच कागदावर उतरतं. कार्ल बेरायटर आणि मार्लिन स्कार्डामालिया या अभ्यासकांनी १९८७च्या पुस्तकात हेच मांडलं. नवशिकी मुलं विषय मिळताच आठवेल ते लिहीत सुटतात आणि मागच्या वाक्याचं बोट धरून पुढचं वाक्य येतं.

म्हणून अशी गोष्ट तयार होते: ‘एक पिल्लू होतं. ते छान होतं. मग ते बाहेर गेलं. मग पाऊस आला. मग ते घरी आलं.’ यात चूक काहीच नाही, पण गोष्टही नाही. आता पेन्सिल उचलण्याआधी दोनच प्रश्न विचारा. पिल्लाला काय हवंय? ‘आजीच्या ओट्यावर झोपायचंय.’ मग अडतंय कुठे? ‘तिथे मांजर बसते.’ झालं! आता मूल थांबत नाही. पिल्लू मांजरीशी भांडेल, तिला लाडीगोडी लावेल की पाऊस येण्याची वाट बघेल? पाऊस तोच, पण आता त्याला काम मिळालं. कल्पनेला खरी धाव इथे मिळते.

‘आमच्या शाळेत हे होतंच की, मुद्द्यांवरून कथालेखन!’ नाही. तिथे मुद्दे दुसऱ्याने काढलेले असतात. मूल त्यांच्यामधल्या जागा भरतं, शीर्षक देतं, तात्पर्य लिहितं. वाक्यरचनेच्या सरावाला ते चांगलं आहे, पण आखणी म्हणजे मुद्दे स्वतः ठरवणं, आणि नेमकी तीच पायरी मुलाच्या वाट्याला येत नाही. तात्पर्यापासून सुरुवात करायला लावणं तर त्याहून वाईट. मग पात्रं माणसं राहत नाहीत, उपदेशाचे हमाल होतात.

आखणी म्हणजे लांबलचक आराखडा, हाही गैरसमजच. लहान मुलांना चार चौकोनांत चार चित्रं पुरतात. ज्याला लिहिणं जड जातं त्याने गोष्ट आधी तोंडी सांगावी, तीही आखणीच.

‘मोठे लेखक कुठे आखणी करतात?’ काही करत नाहीत, हे खरं. स्टीफन किंग कथानक आधी रचत नाहीत, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. उलट, जे. के. रोलिंग यांनी हॅरी पॉटरच्या पाचव्या पुस्तकासाठी हाताने आखलेला प्रकरणवार तक्ता प्रसिद्ध आहे. पण आयुष्यभर लिहिलेल्या माणसाच्या सवयी आठ वर्षांच्या मुलाला लावायच्या कशाला?

आणि एकदा आखलं की बदलायचं नाही, असंही नाही. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी १९८१मध्येच दाखवलं, की आखणी लिहिताना सतत चालू असते. मधेच मांजर आणि पिल्लाची मैत्री झाली, तर शेवटचा चौकोन खोडावा.

सर्वांत महत्त्वाचं मात्र वेगळंच आहे. ‘आधी नीट विचार कर, मग लिही’ एवढं सांगितलं म्हणजे आखणी शिकवली, असं आपण धरून चालतो, पण तेवढं पुरत नाही. चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासून स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७मध्ये अहवाल दिला. लिहिण्याआधी कल्पना जमवून मांडून घेण्याच्या उपक्रमांचा लेखनावरचा परिणाम (आकडा जितका मोठा, तितका परिणाम जास्त) त्यात ०.३२ भरला, आखणी आणि सुधारणा यांच्या युक्त्या पायरीपायरीने शिकवण्याचा ०.८२. म्हणजे फळ्यासमोर उभं राहून, मोठ्याने विचार करत, खोडत, शिक्षकाने स्वतः एक गोष्ट आखून दाखवायला हवी. मग सगळ्यांनी मिळून एक, मग एकेकट्याने.

पुढच्या वेळी मूल गोष्ट लिहायला बसेल तेव्हा ते दोन प्रश्न जरूर विचारा. उत्तरं मात्र त्याचीच असू द्या.