तत्त्वज्ञान शिकून पोट भरेल काय?

पनवेल तालुक्यातील गव्हाणहून एक बाप आमच्याकडे सल्ल्याला आला. मुलगी बारावी झाली, बी.ए.ला तत्त्वज्ञान घेते म्हणते. "वकीलसाहेब, यानं पोट भरंल का?" हा त्याचा सवाल. आम्ही तो हसण्यावारी नेला नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी या पट्ट्यातील जमिनी गेल्या. १९८४च्या आंदोलनात पाच जण शहीद झाले, त्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. पण ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, त्यांच्या हाती शिक्षणाखेरीज काय होते? अशा घरातील मुलीची पदवी वाया जाऊन चालणार नाही.

म्हणून आधी कटू सत्य. 'तत्त्वज्ञ पाहिजे' अशी जाहिरात कोणी देत नाही. कनिष्ठ महाविद्यालयांत तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आहे, पण मोजक्याच ठिकाणी. प्राध्यापकीसाठी एम.ए., मग नेट किंवा सेट, आणि पुढे जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर राबणे. हे लपवून मुलांना स्वप्ने विकणे अपराध आहे.

पण म्हणून दारे बंद आहेत काय? मुळीच नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे. २०१३पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर सर्वांना सक्तीचा आहे. कोणत्याही पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचे एलएल.बी. करता येते. विधान काय, आधार काय, निष्कर्ष त्यातून निघतो काय, हेच तर आम्ही न्यायालयात रोज तपासतो!

तत्त्वज्ञान हा भरल्या पोटाचा विषय, असे आपल्याला सांगितले जाते. मग जन्म आणि कर्माचे तत्त्वज्ञान सांगूनच आपल्याला उपाशी ठेवले गेले, त्याचे काय? त्याला उत्तर देणारा तत्त्वज्ञान जाणणाराच हवा. कोलंबियात बाबासाहेबांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, तरी ते जॉन ड्यूईंच्या वर्गात बसले. औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्यांनी नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव दिले.

आम्ही त्या बापाला म्हणालो, "घेऊ द्या. पण वकिली, स्पर्धा परीक्षा की प्राध्यापकी, हे पहिल्याच वर्षी ठरवा. शिष्यवृत्तीचा अर्ज चुकवू नका. इंग्रजी पक्की करा."

तो जाताना म्हणाला, "आतापासूनच लई प्रश्न विचारते."

मग काळजी कशाची? सुरुवात झाली आहे.