तळे चकाचक धुतले, तरी कोई मासे का दगावतात? जाणून घ्या

अंगणातील तळे घासून काढले, फिल्टर नळाखाली धुतला. पाणी नितळ झाले, पण काही दिवसांतच कोई मासे दगावू लागले. असे का होते?

फिल्टर नेमके काय करतो?
मासे कल्ल्यांवाटे विषारी अमोनिया बाहेर टाकतात. फिल्टरमधील स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र तुलनेने सौम्य असते.

चूक कुठे होते?
नळाच्या पाण्यात क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेले असते. त्यात स्पंज धुतला की उपयोगी जिवाणूही मरतात. ते पुन्हा पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागू शकतात. तोवर अमोनिया साचत जातो, पण डोळ्यांना दिसत नाही.

वीज गेली तर?
या जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यामुळे उन्हाळ्यात पंप बंद पडला, तर मासे आणि जिवाणू दोघांचीही कोंडी होते.

काय काळजी घ्याल?
• स्पंज तळ्यातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळा. सगळे स्पंज एकाच दिवशी धुऊ नका.
• सगळे पाणी एकदम उपसू नका. थोडे-थोडे बदला, नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन घाला.
• टेस्ट किटमध्ये अमोनिया दिसला, तर खाद्य थांबवा आणि थोडे पाणी बदला.
• बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवा.