सात दिवसांचा ‘रफिकी’

‘रफिकी’ हा स्वाहिली शब्द मित्रालाही चालतो आणि मैत्रिणीलाही. केनियाच्या वानुरी काहियू यांनी या नावाने केना आणि झिकी या नैरोबीतल्या दोन तरुणींची प्रेमकथा पडद्यावर आणली. दोघींचे वडील निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे, त्यामुळे गल्लीतल्या कुजबुजीला आयतंच निमित्त! मूळ कथा युगांडाच्या मोनिका अराक द न्येको यांची.

२०१८मध्ये कान महोत्सवात निवडला गेलेला हा पहिला केनियन चित्रपट. महोत्सवाआधीच मायदेशात त्याच्यावर बंदी आली. काहियू सांगतात, केनियाच्या सेन्सॉर मंडळाला खटकला तो शेवट. तो फार आशादायी होता म्हणे.

ऑस्करसाठी पात्र ठरायचं तर तेव्हा मायदेशात सलग सात दिवस खेळ व्हायला हवे होते. काहियू कोर्टात गेल्या. सप्टेंबरमध्ये कोर्टाने बंदी उठवली, पण मोजून सातच दिवस आणि तेही फक्त प्रौढांसाठी. (त्याच महिन्यात आपल्याकडे समलिंगी संबंधांविषयीच्या ३७७ कलमाचा निकाल लागला.) नैरोबीत खेळ हाऊसफुल्ल गेले.

ऑस्करला मात्र केनियाने ‘सुपा मोडो’ पाठवला.