पेरणीतच ठरतं ताट

पहाटे ५
गॅसवर चहाचं आधण ठेवते आणि डाळीचा डबा उघडून बघते. श्रावणात हा डबा तळाला गेलेला असतो. संक्रांतीच्या सुमाराला घरात आलेली तूर संपत आलेली, नवी यायला अजून पाच महिने. मूग-उडदाच्या शेंगा आता वाळायला लागल्यात, पण ज्यांनी ते पेरले त्यांच्याच घरी. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावात बहुतेक शिवार सोयाबीनखाली आहे. शंभर ग्रॅम दाण्यात चाळीसेक ग्रॅम प्रथिनं असलेलं हे पीक आम्ही पोत्यात भरून अडतीवर घालतो आणि वरणाची डाळ दुकानातून आणतो. डाळ महागली की वरण पातळ होतं.

मी या गावची अंगणवाडी सेविका आणि एका शेतकरी घरची सून. पोरांची वजनं माझ्या हातून होतात आणि घरच्या भाकऱ्याही. त्यामुळे वजनाच्या काट्यावर जे दिसतं त्याचं कारण बऱ्याचदा मला चुलीपाशी सापडतं, आणि चुलीपाशी जे दिसतं त्याचं कारण शेतात.

सकाळी ६
भाकऱ्या थापताना आत्या जुन्या पेरणीचं सांगतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. तिफणीमागं चाडं धरायला बाई असायची. ज्वारीच्या काही तासांनंतर तुरीचं एक तास जायचं, कडेनं अंबाडी, मधेच तीळ, कारळ, मटकी, चवळी. कुठलं बी किती टाकायचं हे तिच्या ओटीतल्या पुरचुंड्यांवर ठरायचं. “वरीसभराचं कालवण तवाच पेरून व्हायचं बघ,” आत्या म्हणतात.

आता पेरणी ट्रॅक्टरवर होते, बी पिशवीतून येतं आणि पिशवीत एकच वाण असतो. सोयाबीननं आमच्या घरात रोख पैसा आणला, पोरांच्या फिया भरल्या, दवाखाने निभावले. ते मी नाकारत नाही. पण त्याच पेरणीनं घरातली डाळ, तीळ आणि पालेभाजी हटवली, आणि पेरणीतला बाईचा शब्दही गेला.

सकाळी ९.३०
अंगणवाडीत पोरं जमतात. प्रार्थना, गाणी, मग गरम आहार. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत याचं सरकारचं प्रमाण ठरलेलं आहे. आज मटकीची उसळ आहे. मटकीला मोड चांगले आलेत आणि मदतनीस ताईंनी वरून लिंबू पिळलंय. लिंबू पिळलं की कडधान्यातलं लोह अंगी जास्त लागतं, हे आम्ही दोघी पालकसभेत सारखं सांगत असतो.

सकाळी ११
आज वजनाचा दिवस. चौदा महिन्यांचं एक बाळ घेऊन आई येते. पोर चळवळं आहे, हसरं आहे, पण दंडाला पट्टी लावली तर माप पिवळ्यात. पिवळा म्हणजे ११.५ ते १२.५ सेंटिमीटर, मध्यम कुपोषण.

“ताई, बिस्कुट खातंय चांगलं. भाकर गिळंना बघा.”
“अंगावर पाजतीस ना?”
“पाजते की.”
“काल सकाळपासनं त्यानं काय काय खाल्लं, सगळं सांग.”

ती आठवून सांगते. चहात बुडवलेलं बिस्किट, दुपारी भात, संध्याकाळी परत बिस्किट, रात्री पोळीचा तुकडा. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं अन्नाचे आठ गट केलेत आणि दिवसभरात त्यातले निदान पाच पोटात जावेत असं म्हटलंय. आईचं दूध हा एक गट. बिस्किट, भात, पोळी मिळून दुसरा. झाले दोनच. पोर उपाशी नाही. त्याचं पोट रोज एकाच चवीच्या, एकाच जातीच्या खाण्यानं भरतंय, आणि चहानं लोहाची आणखी अडवणूक होतेय.

मी सांगते, भाकरी घट्ट वरणात कुस्कर, त्याच वरणात तांदूळजाची चार पानं शिजव, शेंगदाण्याचा बारीक कूट आणि चमचाभर तेल घाल. ती ऐकून घेते आणि मग खरं ते बोलते. “वरण घट्ट करायला डाळ नगं का ताई? मालक म्हणतेत, सोयाबीनचं पैसं आल्यावर आणू.”

सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास येतील. चौदा महिन्यांच्या बाळासाठी दोन-अडीच महिने फार मोठा काळ असतो. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची पुढं सहसा भरून निघत नाही. मी तिच्यासोबत आमच्या घरच्या डब्यातले मूग पाठवते, पण हा काही उपाय नव्हे हे मला कळतं.

दुपारी १.३०
गृहभेटींच्या वाटेवर खुरपणीच्या बाया भेटतात. लिंबाच्या सावलीला भाकरी सोडून बसलेल्या असतात. मला दिवसभरात सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इथं. प्रत्येकीचं कालवण सगळ्यांत फिरतं. एकीचं पिठलं, दुसरीचा बटाटा, तिसरीकडं नुसता ठेचा, एका म्हातारीकडं कारळाची चटणी. मी काल काय खाल्लं ते विचारते आणि मनात गट मोजते. बायांसाठी दहा गट धरतात आणि निदान पाच हवेत. तोंडी लावण्यापुरती चटणी त्यात मोजत नाहीत, मोजायचा पदार्थ १५ ग्रॅम तरी पोटात जायला हवा. बहुतेकींचं गाडं तीन-चारवर अडतं. श्रावण असल्यानं अंडी आणि मटण बंद. दूध डेअरीला जातं. फळ म्हणजे उपवासाचं केळं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तो आकडा इथं माझ्यासमोर बसलेला असतो, फिकट नखं घेऊन, उन्हातान्हात ओणवं काम करून.

पण याच बायांच्या खुरप्याखाली काय काय निघतं ते बघा. घोळ, तांदूळजा, कुर्डू. म्हातारी गवत बाजूला टाकते आणि भाजी ओटीत. तरण्या पोरींना यातली निम्मी पानं ओळखता येत नाहीत, त्यांना ती कुणी दाखवलीच नाहीत. शिवाय ज्या रानात तणनाशक मारलंय तिथं हे काही उरत नाही, आणि बांधावर जे उरतं ते खुडायला भीती वाटते. खुरपायला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, म्हणून फवारणी होते. शेतकऱ्याची अडचण खरी आहे. तरी घराजवळचा एक तुकडा बिनफवाऱ्याचा ठेवता येतो, आणि तो ठेवलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

दुपारी ४
मोबाइलवर वजनं, उंच्या भरते. रेंज नसते, वेळ जातो.

संध्याकाळी ६
परसात न्हाणीच्या पाण्यावर शेवगा, दोडक्याचा वेल, कढीपत्ता, दोन पपया. शेवग्याच्या शेंगा सगळेच खातात. त्याचा पाला पिठल्यात, थालीपिठात घालायला मी घरोघरी सांगते.

रात्री ८.३०
आधी पुरुषमाणसं, मग पोरं, मग आम्ही, असं चालायचं. पातेल्यात तोवर वरणाचं पाणी उरायचं आणि भाजीचा रस्सा. आमच्या घरात मी ही रीत मोडली, भांडून नाही. जेवणाआधीच गरोदर जावेची आणि आत्यांची वाटी भरून झाकून ठेवते. हळूहळू सगळेच एका पंगतीला बसायला लागले. ताटात काय आहे याच्याइतकंच महत्त्व ते कुणाच्या वाट्याला येतं याला आहे.

रात्री ९.३०
मालक रब्बीचा हिशोब मांडतात, मी माझा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या ताटात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरलीत, अंडी-मांस खाणारांसाठी तेही त्यातच. पाच माणसांना दिवसाला सव्वाचारशे ग्रॅम, वर्षाला साधारण दीड क्विंटल. कोरडवाहू एकरी ४ क्विंटल हरभरा धरला तरी अर्ध्या एकरात घरचं भागतं, वर हिरवी भाजी खुडायला मिळते ती वेगळी. कडेनं जवस, करडई, मेथी, गाजराचे वाफे.

आमच्या भागात हे नवं नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर इथं उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत अनेक बायांनी घरच्या जमिनीतला एकेक एकर मागून घेतला आणि त्यात खायची पिकं लावली. २०१६ मध्ये त्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, भज्जीत आम्ही सगळ्या शेंगा, सगळ्या पालेभाज्या एकत्र शिजवतो, म्हणजे आपल्याला काय खायला हवं ते ठाऊक आहेच. ते वर्षातून एका अमावास्येपुरतं उरू नये.

शेतकरी भावांनो, रब्बीचं बी आणायला तालुक्याला जाल तेव्हा आधी घरातल्या बाईला विचारा, तिला काय पेरायचंय. आणि अर्धा एकर तिच्या नावानं सोडा.