वाचवलेल्या सेकंदांचा कचरा

मॅरेथॉन, तिच्या ४२.१९५ किलोमीटरहून लांब पल्ल्याची अल्ट्रामॅरेथॉन, ट्रायथलॉन आणि रस्त्यावरील सायकल शर्यती या क्रीडाप्रकारांमध्ये एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे शरीरातील साठा शेवटपर्यंत पुरत नाही. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर दीड-दोन तासांच्या जोरकस श्रमानंतर संपत येते. म्हणून स्पर्धक दर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके आणि पुरेसे पाणी घेतात. हे खाणेपिणे न थांबता करायचे असल्याने ते एका घासात किंवा दोन घोटांत संपेल अशा बेताने बांधलेले असते, आणि घास संपला तरी वेष्टन हातात उरते. सहनशक्तीच्या शर्यतींतील कचऱ्याचा प्रश्न या उरलेल्या वेष्टनापासून सुरू होतो.

या वेष्टनांमध्ये सर्वाधिक अडचणीचे म्हणजे जेलचे पाकीट. जेल हा साखरेचा दाट, चिकट पाक असतो, आणि तो टिकावा म्हणून त्याचे पाकीट प्लास्टिकचे व अनेकदा अॅल्युमिनियमचे पापुद्रे एकमेकांना चिकटवून तयार केले जाते; हे पापुद्रे सुटे करता येत नसल्याने त्याचा पुनर्वापर जवळपास अशक्य असतो. पाकीट दातांनी फोडताना वरची चिमूटभर पट्टी तुटून पडते, आणि रिकामे पाकीट खिशात ठेवणारा स्पर्धकही ही पट्टी हरवून बसतो. पाण्याचे कागदी पेलेसुद्धा निव्वळ कागदाचे नसतात, कारण ते भिजू नयेत म्हणून त्यांना आतून पॉलिथिनचा पातळ थर दिलेला असतो. दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून होणाऱ्या आणि सुमारे ९० किलोमीटर लांबीच्या कॉम्रेड्स मॅरेथॉनमध्ये पाणी प्लास्टिकच्या लहान पिशव्यांतून दिले जाते; धावक पिशवीचा कोपरा दातांनी फाडतात, पाणी पितात आणि पिशवी तिथेच टाकतात.

शहरातील शर्यतीत हे टाकणे आयोजकांनी गृहीत धरलेले असते. एड स्टेशन, म्हणजे मार्गावर ठरावीक अंतराने उभारलेले खाण्यापिण्याचे केंद्र, जिथे असते त्याच्या पुढच्या टप्प्यात पेल्यांचा खच पडतो, आणि स्वयंसेवक व सफाई कामगार काही तासांत तो रस्ता झाडून मोकळा करतात. या व्यवस्थेमुळे स्पर्धकाला हातातली वस्तू सोडून पुढे जाण्याची सवय लागते, आणि तोच स्पर्धक ट्रेल शर्यतीत, म्हणजे डोंगरातील पायवाटेवरच्या धावेत, उतरतो तेव्हा सवयही त्याच्यासोबत येते. तिथे मात्र मागे झाडू नसतो. वाऱ्याने उडालेले पाकीट दरीत जाते आणि पावसात ते ओढ्याला लागते. केळीची साल कुजणारी असली, तरी थंड व कोरड्या उंचीवर ती दीर्घकाळ टिकते आणि वन्य प्राण्यांना माणसांच्या वाटेकडे ओढते.

हा केवळ बेशिस्तीचा प्रश्न नाही, हे मानसशास्त्रातील एका प्रसिद्ध संशोधनावरून लक्षात येते. रॉबर्ट चालडिनी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मोटारींच्या काचांवर पत्रके लावून ठेवली होती, आणि जिथे आधीच कचरा होता तिथे ती जमिनीवर टाकणाऱ्यांचे प्रमाण स्वच्छ जागेपेक्षा जास्त आढळले. भोवतालचे लोक काय करतात यावरून माणूस इथे काय चालते हे ठरवतो, आणि पेल्यांनी भरलेला रस्ता प्रत्येक नव्या धावकाला तसेच करण्याची मुभा देतो.

म्हणूनच उपदेशापेक्षा व्यवस्था बदलणारे उपाय अधिक परिणामकारक ठरले आहेत. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणाऱ्या, सुमारे १७० किलोमीटरच्या यूटीएमबी शर्यतीत एड स्टेशनवर पेले मिळत नाहीत. स्वतःचा पेला जवळ बाळगणे हे सक्तीच्या साहित्यातच मोडते. मोरोक्कोच्या वाळवंटातील माराथाँ दे साब्ल या शर्यतीत पाण्याच्या बाटल्यांवर धावकाचा क्रमांक घालण्याची पद्धत दीर्घकाळ होती, त्यामुळे फेकलेल्या बाटलीचा मालक सापडत असे आणि त्याच्या वेळेत दंडाची भर पडत असे. लंडन मॅरेथॉनने २०१९ मध्ये वस्तूच बदलून पाहिली आणि शेवटच्या टप्प्यातील एका केंद्रावर समुद्रशैवालापासून केलेल्या, गिळता येणाऱ्या आवरणातील पेयाच्या ३०,००० हून अधिक गोळ्या ठेवल्या. मात्र असे आवरण नाजूक असल्याने ते बाटलीची जागा सर्वत्र घेऊ शकत नाही.

दंड कुठवर ताणावा, याचा धडा सायकलिंगने दिला. या खेळाच्या जागतिक संघटनेने, म्हणजे यूसीआयने, १ एप्रिल २०२१ पासून नेमलेल्या कचरा क्षेत्राबाहेर काहीही टाकण्यास मनाई केली, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी टूर ऑफ फ्लँडर्समध्ये मिखाएल शेअर या स्विस सायकलपटूला प्रेक्षकांच्या दिशेने बाटली टाकल्याबद्दल बाद करण्यात आले. खेळाडूची बाटली ही चाहत्याला आठवण म्हणून मोलाची वाटते, ती कचरा नव्हे, असा आक्षेप त्यावर उठला आणि संघटनेने शिक्षा सौम्य केली; मूळ नियम मात्र कायम राहिला.

महाराष्ट्र आणि गोव्यालाही हा विचार आता टाळता येणार नाही. गोव्यात २०१९ पासून होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉनला नेमलेल्या जागेबाहेर कचरा टाकल्यास दंड करणारे आंतरराष्ट्रीय नियम लागू असतात. सातारा हिल हाफ मॅरेथॉन ज्या यवतेश्वर घाटातून धावते, तोच रस्ता पुढे २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या कास पठाराकडे जातो, आणि सह्याद्रीतील ट्रेल शर्यती तर थेट रानातूनच जातात. देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पेल्यांवर बंदी असली, तरी जेलच्या पाकिटाला ती शिवत नाही. तिथे आयोजकाचा नियमच उपयोगी पडतो. पाकीट खिशात परत ठेवायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि ते फेकणारा स्पर्धक तेवढा वेळ वाचवून तो मागून येणाऱ्या सफाई कामगाराच्या श्रमावर ढकलतो. वेळेचा दंड हा हिशेब निकालपत्रकात उलटा मांडतो, म्हणून स्पर्धकाला तो सूचनाफलकापेक्षा लवकर समजतो.